देवनागरी खिळ्यांचा विलंब : यंत्र, हुन्नर व कारागीर

दोन देशांच्या उद्योगांत एकाच काळीं मोठें अंतर कां पडतें, हा प्रश्न अर्थशास्त्राचा म्हणून सोडून देण्याची रीति आहे. परंतु त्याचें उत्तर पुष्कळ वेळां जुन्या कागदांत, नाण्यांत व पोथ्यांत सांपडतें, आणि तें शोधणें इतिहाससंशोधकाचेंच काम आहे. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार एकाच धंद्यापुरता केला आहे. तो धंदा म्हणजे मुद्रण. आपल्या किनाऱ्यावर छापण्याचें यंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजीं गोव्यास उतरलें. मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांनीं पुस्तकांत छापून निघाला तो १८०५ सालीं, आणि तोहि महाराष्ट्रांत नव्हे, तर बंगाल्यांत श्रीरामपुरास. या दोन सालांमध्यें २४९ वर्षें गेलीं. जर्मनींतील माइन्त्स शहरीं गुटेनबर्गचें बायबल १४५५ च्या सुमारास छापून झालें, तेथपासून यंत्र गोव्यास पोंचण्यास मात्र शंभरच वर्षें लागलीं. यंत्रानें सात समुद्र शंभर वर्षांत ओलांडले, आणि गोव्याहून पुण्यापर्यंतची वाट त्याला अडीचशें वर्षांत सांपडली नाहीं; याचें कारण काय ?

या विलंबाची किंमत हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. श्रीएकनाथांनीं ज्ञानेश्वरीचें शुद्धीकरण शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्यें पुरें केलें. त्या वेळीं गोव्याच्या छापखान्यास अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. नाथांनीं श्रमपूर्वक शुद्ध केलेला पाठ छापला गेला असता, तर तो एका वेळींच शेंकडों प्रतींत स्थिर झाला असता. तसें न होतां तो पुनः लेखकांच्या हातीं गेला. प्रतीवरून प्रत होतांना नवे पाठभेद शिरले, आणि ज्ञानेश्वरी मुद्रित होण्यास १८४५ साल उजाडलें. मुक्तेश्वर, तुकाराम, रामदास, मोरोपंत हे सर्व याच मधल्या काळांतले. त्यांच्या कवितेचा जो भाग आज एकाच बाडांत उरला आहे, किंवा मुळींच उरलेला नाहीं, त्याच्या हानीचा हिशेब या २४९ वर्षांच्या खातीं मांडावा लागतो.

या विलंबाचीं तीन कारणें सामान्यतः सांगतात. राज्यकर्त्यांस नव्या विद्येची आस्था नव्हती, हें पहिलें. शास्त्री व लेखक यांना छापील ग्रंथाचा विटाळ वाटे, हें दुसरें. आपल्या कारागिरांच्या अंगीं असें सूक्ष्म काम करण्याची पात्रता नव्हती, हें तिसरें. हीं तीन्ही कारणें साधनांच्या कसोटीस लावून पाहूं.

आधीं त्या कामाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. छापण्याचें यंत्र म्हणजे स्क्रूनें दाबणारा चाप. द्राक्षें व कागद दाबण्यासाठीं तसले चाप युरोपांत आधींपासून होते. मुद्रणाचें मर्म त्या चापांत नाहीं, तें खिळ्यांत आहे. मऊ केलेल्या पोलादाच्या कांबीच्या टोंकावर एक अक्षर उलटें कोरावयाचें, तें पोलाद तापवून व पाणी देऊन कठीण करावयाचें, आणि हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याची खोलगट प्रतिमा घ्यावयाची. तिला मातृका म्हणतात. मातृका लहानमोठ्या रुंदीस जुळवितां येणाऱ्या सांच्यांत बसवून शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस ओतला कीं खिळा तयार होतो. एका ठशापासून अनेक मातृका आणि एका मातृकेपासून हजारों खिळे निघतात. ज्याच्यापाशीं ठसे व मातृका आहेत, त्याचा छापखाना कधीं मरत नाहीं. ज्याच्यापाशीं नुसते खिळे आहेत, त्याचा छापखाना ते झिजेपर्यंतच चालतो.

आतां गोव्याकडे वळूं. हें यंत्र मुळांत ॲबिसीनियाकडे जावयाचें होतें. तें गोव्यास राहिलें आणि सेंट पॉल विद्यालयांत चालूं झालें. त्यावर पोर्तुगीज व लॅटिन पुस्तकें निघूं लागलीं, कारण रोमन खिळे यंत्राबरोबरच आले होते. गार्सिया द ओर्ता याचा वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ सालीं गोव्यासच छापला. देशी लिपीचे खिळे पाडण्याचें काम जुवांव गोन्साल्विश नांवाच्या जेसुइट बंधूनें केलें. तामिळ अक्षरांचे खिळे १५७७ मध्यें गोव्यास तयार झाले, आणि १५७८ सालीं कोल्लम येथें तामिळ पुस्तक छापून निघालें. म्हणजे हिंदुस्थानी लिपीचे खिळे हिंदुस्थानच्या भूमीवर पाडणें अशक्य नव्हतें. एक कुशल माणूस होता, त्यानें ते पाडले.

देवनागरीस असा माणूस मिळाला नाहीं. फादर टॉमस स्टीफन्स यांनीं ५ डिसेंबर १६०८ रोजीं आपल्या वरिष्ठांस रोमला लिहिलेल्या पत्रांत देशी भाषेंत व देशी लिपींत पुस्तकें छापण्याची इच्छा प्रकट केली आहे. अडचणहि त्यांनीं स्पष्ट सांगितली : या लिपींत सुटी अक्षरें नसून अवयवयुक्त अक्षरसमूह असल्यामुळें सहाशेंच्या आसपास सांचे लागतात, मात्र युक्तीनें ते दोनशेंपर्यंत आणतां येतील. तें काम झालें नाहीं. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत रोमन लिपींत छापावें लागलें. मराठीच्या सौंदर्याचें ज्याला एवढें प्रेम, त्यालाच आपली मराठी ओंवी परक्या वेषांत पाहावी लागली. त्याच ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहांत आहे. यंत्राला जें साधलें नाहीं तें लेखकाच्या बोरूनें साधलें, हें ती प्रत सांगते.

इच्छा, द्रव्य आणि यंत्र हीं तीन्ही असूनहि काम कसें अडतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण सुरतेस घडलें. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख यानें आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापावे या हेतूनें १६७० सालीं ईस्ट इंडिया कंपनीकडे कुशल मुद्रक मागितला. कंपनीनें हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक सालीना ५० पौंडांच्या वेतनावर १६७४ मध्यें पाठविला. यंत्र, खिळे व कागदहि पाठविला. हिल्सला छापतां येत होतें. अक्षर कोरतां येत नव्हतें. भीमजीनें आपल्या माणसांकडून नागरी वळणाचीं अक्षरें पाडवून पाहिलीं, आणि कंपनीच्या सुरतकर अधिकाऱ्यांनीं ते छापील कागद चांगले दिसतात असें वरिष्ठांस कळविलें. मग खिळे पाडणाऱ्या कारागिराची मागणी झाली व १६७८ त तसा माणूस पाठविण्यांत आला. पुढें हा प्रयत्न कागदपत्रांतून नाहींसा होतो; त्यांतून निघालेला एकहि ग्रंथ आज हातीं नाहीं. राज्यकर्त्यांच्या अनास्थेचें किंवा धार्मिक विटाळाचें कारण येथें लागू पडत नाहीं. भीमजी स्वतः श्रद्धाळू हिंदु असून धर्मग्रंथांसाठींच खटपट करीत होता.

हिल्सचें अज्ञान हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या देशांत तोंवर मुद्रण, खिळे ओतणें व ठसे कोरणें हे निरनिराळे धंदे झाले होते, आणि त्यांपैकीं शेवटच्या धंद्यांत इंग्लंड स्वतःच मागासलेलें होतें. १६३७ च्या राजाज्ञेनें इंग्लंडांत खिळे ओतणारांची संख्या चारांपुरती मर्यादित केली होती. ऑक्सफर्डच्या विद्यापीठासाठीं डॉक्टर फेल यांस ठसे व मातृका हॉलंडहून आणवाव्या लागल्या. हें परावलंबन संपलें तें १७२० नंतर विल्यम कॅस्लन याच्या हातून. आणि हा कॅस्लन मूळचा बंदुकीच्या चापांवर व नळ्यांवर नक्षी कोरणारा कारागीर होता. गुटेनबर्गचाहि सोनारकामाशीं संबंध होता. जुन्या धातुकामांतला हात नव्या कामाकडे वळला, तेव्हां त्या त्या देशांत मुद्रण स्वतःच्या पायांवर उभें राहिलें.

हें लक्षांत घेतलें म्हणजे आपल्या कारागिरांच्या अपात्रतेची गोष्ट कितपत खरी तें पाहतां येतें. मराठी दप्तरांतील कोणतेंहि राजपत्र हातीं घ्यावें. त्याच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटीं मोर्तब असतें. तीं अक्षरें धातूवर उलटीं कोरून, शाई लावून कागदावर उमटविलेलीं आहेत. टांकसाळींतला ठसेकरी तर पोलादावरच उलटीं अक्षरें कोरीत असे, आणि त्या ठशाखालीं हजारों नाणीं पाडीत असे. ताम्रपटांवर ओळीमागून ओळ कोरण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. उलटें कोरणें, पोलादास पाणी देणें, शाईनें उमटविणें, रस ओतणें या चारहि कृती आपल्या पेठांत रोज चालत होत्या. मात्र मुद्रा कोरणारा, ठसेकरी, ओतारी व लेखक हे चार निरनिराळ्या घरांत बसत. एका अक्षराच्या कामासाठीं त्या चौघांस एका ठिकाणीं बसविणारा कारखाना नव्हता. उणीव हाताची नव्हती, हात एकत्र येण्याची होती.

ती गांठ पडली बंगाल्यांत. हॅल्हेड याचें बंगाली व्याकरण १७७८ मध्यें हुगळीस छापलें, त्यासाठीं कंपनीच्या नोकरींतील चार्ल्स विल्किन्स यानें बंगाली खिळे तयार केले. विल्किन्स पेशानें मुद्रक नव्हता. कोरणारा, ओतारी व मुद्रक या सर्वांचें काम त्यानें स्वतः शिकून केलें. त्यास साहाय्य केलें पंचानन कर्मकार यानें. ‘कर्मकार’ म्हणजे लोहार, हें त्याच्या नांवांतच आहे. विल्किन्सची विद्या पंचाननाच्या हातांत उतरली, आणि विल्किन्स विलायतेस परत गेल्यावरहि ती देशांतच राहिली. १८०० च्या सुमारास पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत आला. तेथें त्यानें देवनागरीचें काम हातीं घेतलें; त्यास सुमारें सातशें ठसे लागावयाचे होते. स्टीफन्सला भिववणारा सहाशेंचा आंकडा येथें ओलांडला गेला, पण कोणी कचरलें नाहीं. थोड्याच वर्षांत पंचानन वारला. तथापि त्यानें आपली कला जांवई मनोहर यास शिकविली होती. अपुरें काम मनोहरानें पुढें नेलें व चाळीस वर्षें चालविलें. १८०५ चें केरीचें मराठी व्याकरण, मराठी शुभवर्तमान, पुढें १८१० चा मोडी खिळ्यांतील मराठी कोश, हीं सर्व त्या परंपरेचीं फळें होत.

या परंपरेचें बळ ११ मार्च १८१२ रोजीं कसोटीस लागलें. त्या दिवशीं श्रीरामपूरचा छापखाना आगींत भस्म झाला. कागद, हस्तलिखितें व खिळे गेले. परंतु ठसे व मातृका ढिगाऱ्याखालीं शाबूत सांपडल्या, वितळलेला धातु गोळा झाला, आणि कांहीं आठवड्यांतच नव्यानें खिळे ओतण्याचें काम चालूं झालें. वितळलेल्या धातूस पुनः अक्षररूप देणारे हात तेथें होते. सुरतेस असा हात एक होता कीं नव्हता, हेंच कळत नाहीं.

श्रीरामपुरीं मराठी व्याकरण छापलें गेलें त्याच १८०५ सालीं महाराष्ट्रांतहि एक पुस्तक छापलें गेलें, आणि तें या विषयांत फार बोधप्रद आहे. पुण्याच्या दरबारीं इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट असतांना त्याच्या आश्रयानें चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला, आणि शनवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा निघाली. मॅलेटच्या मार्गदर्शनानें पुण्यांतील एक तांबट तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरें उलटीं कोरण्यास शिकला, आणि भगवद्गीता छापवावी असा नाना फडणविसांचा मनोदय झाला. पुढें १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले, नानांवर संकटें कोसळलीं, १७९७ त मॅलेटहि गेला. कारागीर निराधार झाला. त्यास मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांचा आश्रय मिळाला, आणि शके १७२७ त म्हणजे १८०५ त गीता छापून निघाली.

या गीतेनें तीन्ही जुनीं कारणें एकदम खोडून काढलीं आहेत. राज्याच्या कारभाऱ्यानेंच हें काम योजिलें, तेव्हां अनास्थेचें कारण राहात नाहीं. ग्रंथ निवडला तो प्रत्यक्ष भगवद्गीता, तेव्हां विटाळाचेंहि राहात नाहीं. आणि कोरणारा पुण्याचा तांबट, तेव्हां अपात्रतेचें तर मुळींच नाहीं. तरीहि श्रीरामपूर व मिरज यांच्या फळांत जमीनअस्मानाचें अंतर पडलें. मिरजेस संबंध पानाचा पत्रा कोरला होता. त्या पत्र्यापासून गीतेच्या हव्या तितक्या प्रती निघाल्या असत्या. पण दुसरा ग्रंथ छापावयाचा तर पहिल्या अक्षरापासून सर्व पुनः कोरावयाचें. श्रीरामपुरीं कोरलेलें अक्षर सुटें होतें. आज जें व्याकरणांत बसलें तेंच उद्यां शुभवर्तमानांत बसे. श्रम दोन्हीकडे सूक्ष्म व कष्टाचे होते, परंतु एकीकडे ते पुस्तकाबरोबर संपत आणि दुसरीकडे सांठत जात. शिवाय मिरजेच्या कारागिराच्या मागें मनोहर नव्हता. त्यानंतर वर्षभरानें तंजावरास सरफोजी राजांच्या देवनागरी छापखान्यांत इसापनीतीचें ‘बालबोधमुक्तावलि’ हें मराठी भाषांतर छापलें गेलें. पण त्या उद्योगाचा आधार राजाची विद्याभिरुचि हाच होता. महाराष्ट्रांतील मुद्रणाची परंपरा त्यांतून निघाली नाहीं.

ती निघाली मुंबईंत, आणि तीहि शिकणाऱ्या पोरांच्या हातून. गुजराती मुद्रणांत फर्दुनजी मर्झबान यांनीं १८१२ सालीं स्वतःचा छापखाना काढून खिळेहि स्वतः पाडले होते. मराठीसाठीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यानें १८१७ पासून काम केलें. आरंभीं त्यास खिळे कलकत्त्याकडून आणावे लागत. पुढें त्या छापखान्यांतच वाढलेला टॉमस ग्रॅहॅम अक्षरें कोरण्यांत निष्णात झाला, आणि त्याच्या हाताखालीं जीवन वल्लभ तयार झाला. याच छापखान्यांत उमेदवारी केलेले गणपत कृष्णाजी यांनीं आपला निराळा छापखाना काढून १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. शाई, खिळे व यंत्र यांसाठीं त्यांनीं केलेली खटपट गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकांत नोंदलेली आहे. जावजी दादाजी हे बालपणीं मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. १८६४ त त्यांनीं खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ त ‘निर्णयसागर’ छापखाना. त्यांचीं अक्षरें कोरलीं राणोजी रावजी आरू यांनीं. ग्रॅहॅमपासून आरूंपर्यंत चाळीसएक वर्षांत या विद्येनें अशी मजल मारली कीं निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ युरोपांतील पंडितांच्या मेजांवर प्रमाण म्हणून जाऊन बसले. दोनशें एकोणपन्नास वर्षांत जें घडलें नाहीं, तें शिकविणारा व शिकणारा एका छताखालीं आल्यावर दोन पिढ्यांत घडलें.

पोथ्यांच्या संग्राहकांस परिचित असा एक पुरावा येथें जोडावासा वाटतो. बव्हेरियाच्या सेनेफेल्डरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची युक्ति काढली, आणि ती १८२० नंतर मुंबईस आली. या पद्धतींत ठसे, मातृका, खिळे कांहींच लागत नाहीं. विशिष्ट शाईनें लिहिलेलें अक्षरच दगडावर उतरतें. पोथीच्याच आकाराचीं, लेखकाच्याच वळणाचीं शिळाछाप पुस्तकें पाहतां पाहतां घरोघर झालीं. ज्ञानेश्वरीची १८४५ ची आवृत्ति याच जातीची. खिळ्यांस अडीचशें वर्षें अडविणाऱ्या भूमीनें शिळाछाप वीसपंचवीस वर्षांत आत्मसात केला. कारण त्याला हवा असलेला हुन्नर, म्हणजे सुंदर हस्ताक्षर, आपल्याकडे तयार होता. लोक नव्यास विन्मुख असते, तर त्यांनीं शिळाछापासहि दार लावलें असतें.

कारागीर सिद्ध झाल्यावर सगळें अंतर मिटलें असें मात्र नाहीं. इंग्रजी जुळाऱ्यापुढें दीडएकशें घरांची पेटी असे. देवनागरी जुळाऱ्यास काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें मिळून त्याच्या कितीतरी पट घरांत हात फिरवावा लागे. १८८६ पासून इंग्रजी वृत्तपत्रें लायनोटाइप यंत्रावर जुळूं लागलीं. देवनागरीसाठीं तें यंत्र तयार होण्यास १९३० नंतरचें दशक उजाडलें. या अवधींत मुंबईच्या जुळाऱ्याचें दिवसाचें काम लंडनच्या जुळाऱ्यापेक्षां कमी भरलें, तर त्यावरून त्याचा आळस सिद्ध होत नाहीं. यंत्र ज्या लिपीच्या मापानें बनविलें, त्या लिपीचा कारागीर पुढें गेला एवढेंच सिद्ध होतें. दोन देशांच्या मजुरांचें काम तोलतांना तराजूच्या कोणत्या पारड्यांत कोणतें हत्यार आहे, हें आधीं पाहावें.

एकंदरींत निष्कर्ष असा. यंत्र विकत मिळतें व गलबतांतून येतें. हुन्नर मात्र एका हातांतून दुसऱ्या हातांतच जातो, आणि तोहि दोघे कांहीं वर्षें शेजारीं बसले तरच. गोवा, सुरत, मिरज व तंजावर येथें यंत्र, द्रव्य, आस्था आणि कुशल हात यांपैकीं कांहीं ना कांहीं होतें, शिष्य नव्हता. श्रीरामपूर व मुंबई येथें शिष्य होता. देशादेशांतील उद्योगांचें अंतर या एका कसोटीनें सर्वत्र उलगडेल असें म्हणण्याचा हेतु नाहीं. परंतु ज्या धंद्यांत जुन्या कारागिरीचा वारसा आपल्याकडे होता, तेथें तरी ही कसोटी लावून पाहावी.

यासाठीं साधनें हवींत, आणि तीं आपल्याच घरांत नष्ट होत आहेत. आपण पोथी जपतों, राजपत्र जपतों, नाणें जपतों. ज्या पोलादी ठशावरून अक्षर जन्मास आलें तो ठसा, ती तांब्याची मातृका, ओताऱ्याचा सांचा, खिळ्यांचे नमुने दाखविणारीं जुनीं पत्रकें व छापखान्यांच्या हिशेबवह्या मात्र मोडींत जातात. जुन्या छापखान्यांच्या वंशजांकडे व ठसे कोरणारांच्या घरीं असें कांहीं उरलें असल्यास संग्राहकांनीं तें पोथीइतक्याच आस्थेनें मिळवावें, आणि त्यावर कोरणाऱ्याचें नांव असल्यास तें आवर्जून नोंदवावें. ग्रंथकारांचीं चरित्रें आपण पुष्कळ लिहिलीं. मिरजेच्या गीतेचीं अक्षरें कोरणाऱ्या तांबटाचें चरित्र अद्याप लिहावयाचें आहे.